बाळाच्या झोपेसाठी स्लीप कन्सल्टंट लावायचा का? पैसे भरण्याआधी काय, कोणत्या क्रमाने करायचं

रात्रीचे तीन वाजलेले असतात, बाळ चौथ्यांदा उठलेलं असतं, आणि एका हाताने त्याला थोपटत दुसऱ्या हाताने मोबाइलवर स्लीप कन्सल्टंट, म्हणजे बाळाच्या झोपेबद्दल पैसे घेऊन सल्ला देणारं माणूस, शोधणं चालू असतं. पैसे भरायचा निर्णय बऱ्याच घरांत असाच अर्धवट झोपेत होतो. आधी पॅकेज घेतलं जातं, ते जमलं नाही की डॉक्टर, आणि घरातल्या मोठ्यांशी बोलणं सगळ्यात शेवटी. हा क्रम पुरता उलटा आहे. खालच्या टप्प्यांनी गेलात तर बहुतेक घरांना कन्सल्टंट लागतच नाही. ज्यांना खरोखर लागतो, त्यांच्या हातात निदान नेमकी माहिती असते आणि पैसे वाया जात नाहीत.

टप्पा 1: ही अडचण आहे की वय आहे, ते पाहा

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेलं झोपेचं प्रमाण असं आहे. चोवीस तासांची, दिवसाची डुलकी धरून एकूण झोप:

- 0 ते 3 महिने: 14 ते 17 तास
- 4 ते 11 महिने: 12 ते 16 तास
- 1 ते 2 वर्षं: 11 ते 14 तास
- 3 ते 4 वर्षं: 10 ते 13 तास

पहिले दोन-तीन महिने बाळाचं दिवस-रात्रीचं घड्याळ बसलेलंच नसतं. नवजात बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा अंगावर पितं, त्यामुळे ते रात्री उठणारच. सलग झोपेबद्दलही घरोघरी अपेक्षा जास्त असते. कॅनडात 388 बाळांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहाव्या महिन्यात 38 टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांतही 28 टक्के तशीच होती. शेजारणीचं बाळ रात्रभर झोपतं म्हणून तुमच्या बाळात काही कमी आहे, असं मुळीच धरू नका.

बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. दोन महिने आधी आलेलं सहा महिन्यांचं बाळ झोपेच्या हिशोबात चार महिन्यांचं असतं.

इशारा: चार महिन्यांच्या आतल्या बाळाला "झोपेची शिस्त" लावण्याचं पॅकेज कोणी देत असेल तर घेऊ नका. या वयात आईला मदतीचे हात हवे असतात: रात्रीचा लंगोट बाबांनी बदलणं, सकाळी दोन तास बाळ आजीकडे देणं. त्यासाठी पॅकेज लागत नाही.

टप्पा 2: आधी बालरोगतज्ज्ञ

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो आणि सगळ्यात महाग पडतो. कान दुखत असेल, अंगाला इसबाची खाज असेल, छातीशी दूध वर येत असेल, नाकामागची ॲडिनॉइड वाढली असेल, तर कुठलंही वेळापत्रक चालत नाही. लोह कमी असलेल्या मुलांची झोपही चुळबुळीची होते.

डॉक्टरांकडे जाताना तायी कार्ड (कर्नाटकातलं आई-बाळाच्या आरोग्य नोंदींचं कार्ड) आणि अंगणवाडीत नोंदलेली वजनं सोबत न्या. हे प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण केबिनमध्ये निम्मे विसरतात:

- वाढीच्या तक्त्यात वजन त्याच्या रेषेवर वाढतंय का?
- आठवड्यातून तीन-चार रात्री घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो, हे तपासायला हवं का?
- लोहाचं औषध नीट चालू आहे का? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना सरकारी कार्यक्रमातून आठवड्यातून दोनदा 1 मिली लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप मिळतं. आशाताईंकडे विचारा.
- रात्रीचं दूध या वजनाला आणि वयाला अजून लागतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तारखेसह लिहून ठेवा. पुढे कन्सल्टंट लावलाच तर हाच कागद त्याच्यापुढे ठेवायचा आहे.

थेट दवाखाना: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटणं, ओठ निळसर पडणं, दूध पिणं एकदम कमी होणं, उठवूनही न उठणं. यात सकाळची वाट पाहू नका.

झोप यावी म्हणून हे देऊ नका: सर्दी-खोकल्याचं सिरप, अफूचा अंश असलेली कुठलीही गुटी, वर्षाच्या आत मध. मधातून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो, अगदी बोटाला लावून चाटवलेल्या मधातूनही. "पोट भरलं की झोपेल" म्हणून सहा महिन्यांआधी नाचणीची पेज सुरू करणंही चूक.

आईचीही तपासणी याच टप्प्यात. बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर आधी तिचे उपचार करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर तिला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

टप्पा 3: सात दिवसांची नोंद

शाळेची वही घ्या. पाच रकाने पाडा: झोपलं, उठलं, कसं झोपवलं, काय प्यालं किंवा खाल्लं, शेरा. आठवणीने लिहू नका, तेव्हाच्या तेव्हा लिहा. थकलेल्या माणसाला "रात्रभर जागं होतं" असं वाटतं आणि वहीत ते पन्नास मिनिटं निघतं. वही आईजवळच राहिली तर दुपारच्या नोंदी गळतात, म्हणून जो झोपवेल त्याने लिहायचं.

आठ महिन्यांच्या बाळाचा एक दिवस नमुन्यादाखल पाहा:

- सकाळी 9:15 ला उठलं
- दुपारी 12:00 ते 1:30, झोळीत
- 4:00 ते 4:45, आजीच्या मांडीवर
- संध्याकाळी 6:50 ते 7:30, खांद्यावर
- रात्री 11:15 ला झोपलं, पाळण्यात झोके देऊन
- मध्ये चार वेळा जाग: 15, 10, 20 आणि 5 मिनिटं

आता बेरीज. दिवसाची झोप 2 तास 55 मिनिटं. रात्री 11:15 ते 9:15 म्हणजे दहा तास, त्यातून जागेपणाची 50 मिनिटं वजा, 9 तास 10 मिनिटं. एकूण 12 तास 5 मिनिटं. या वयाचं प्रमाण 12 ते 16 तास आहे, म्हणजे बाळ खालच्या काठावर का होईना, प्रमाणात बसतंय. त्याची झोप फक्त उशिरा सरकली आहे. संध्याकाळची सातच्या सुमाराची डुलकी बाळाला पुढचे पावणेचार तास ताजंतवानं ठेवते, आणि उशिरा झोपलं म्हणून घरचे सकाळी उशिरापर्यंत झोपू देतात. चक्र तिथेच फिरत राहतं. ही गोष्ट वहीने फुकटात सांगितली. पुष्कळ पॅकेजांतला पहिला सल्ला नेमका हाच असतो.

तपासा: सात दिवसांची सरासरी काढली का? एका वाईट रात्रीवरून काहीही ठरवू नका. लस टोचलेला दिवस आणि प्रवासाचा दिवस सरासरीतून वगळा.

टप्पा 4: अंथरूण आणि खोली

बाळ पाठीवर, घट्ट आणि सपाट गादीवर झोपवायचं. वर्षाच्या आत उशी, जाड दुलई, मऊ खेळणी काही नको. मोहरीची उशी आपल्याकडे हौसेने शिवतात. डोक्याला आकार यावा म्हणून ती सुचवली जाते, पण झोपेत ती सुरक्षित नाही. लहान बाळाचं तोंड उशीत दबलं तर त्याला मान वळवता येत नाही.

साडीच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. झोळी शांत करण्यापुरती वापरा. डोळा लागला की सपाट गादीवर घ्या. थंडीत बेळगावची रात्र चांगलीच गारठते, तरी दुलईऐवजी अंगावर एक सुती आणि एक लोकरी कपडा चढवा. घरात झोपवताना टोपडं, कुंची काढून ठेवा. मानेच्या मागे हात लावून पाहा: घामट लागली तर कपडे जास्त झालेत. तळहात-तळपायांवरून अंदाज करू नका, ते एरवीही गार असतात.

बंद खोलीत मच्छर कॉइल आणि न्हाऊ घातल्यावरची धुरी, दोन्ही बंद. धुराने नाक चोंदतं आणि चोंदलेल्या नाकाने बाळ उठतं. बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात डास असणारच, तिथे मच्छरदाणी लावा, तिच्या कडा गादीखाली ताणून खोचा.

बाळ आई-बाबांच्या खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर, हे सगळ्यात बरं. शेजारी घेऊन झोपत असाल तर चार महिन्यांच्या आतलं किंवा कमी वजनाचं बाळ, धूम्रपान करणारं माणूस, दारू किंवा गुंगीचं औषध घेतलेलं माणूस, यापैकी एकही गोष्ट असली तरी तसं झोपू नका. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डोळा लागणं तर सगळ्यात धोक्याचं.

टप्पा 5: घरातल्यांचं एकमत

एकत्र कुटुंबात योजना फसते ती इथे. आई ठरवते, आणि रात्री अकराला बाळ रडलं की आजी उठून त्याला घेतात. यात आजींची चूक नाही, त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. वेळापत्रक सुरू करण्याआधी सगळ्यांना बसवून चार गोष्टी ठरवा:

1. रात्री बाळाकडे कोण जाणार, कोणत्या वेळेत कोण.
2. संध्याकाळी साडेपाचनंतर कोणी खांद्यावर झोपवणार नाही. हे सहा-सात महिन्यांपुढच्या बाळासाठी.
3. साडेआठनंतर मालिका चालू राहिली तरी आवाज कमी आणि बाळाच्या खोलीचं दार लोटलेलं.
4. किती रडू द्यायचं. आजींना पाच मिनिटंही सोसणार नसतील तर तसं स्पष्ट बोलू द्या. कोणती पद्धत निवडायची हे त्यावर ठरतं.

सुरुवातीची तारीखही इथेच ठरवा. पुढचे तीन आठवडे घरी असायला हवेत. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्री, गणपतीचे दिवस, लग्नसराई, माहेरी जाणं, यांच्या तोंडावर सुरू करू नका. बाबांची कारखान्यात रात्रपाळी असेल तर दिवसपाळीच्या आठवड्यात सुरुवात करा.

टप्पा 6: चौदा रात्रींचा घरगुती प्रयत्न

हा प्रयत्न सहा महिन्यांपुढच्या, डॉक्टरांनी ठीक म्हटलेल्या बाळासाठी.

सकाळ आधी पक्की करा. लोक रात्रीची वेळ ओढत बसतात आणि तिथेच हरतात. झोप न आलेल्या बाळाला झोपवता येत नाही, झोपलेल्या बाळाला मात्र उठवता येतं. वरच्या नमुन्यातलं बाळ 9:15 वरून 7:00 वर आणायचं, म्हणजे सव्वादोन तास. दर दोन दिवसांनी 15 मिनिटं आधी उठवलं तर नऊ पायऱ्या, अठरा दिवस. अशा बाळाला चौदा रात्रींऐवजी तेवढे दिवस द्या. उठवल्यावर लगेच उजेडात, अंगणात न्या. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ सरकवतो.

मग संध्याकाळची डुलकी काढा. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान तीन डुलक्यांच्या दोन होतात, तेरा ते अठरा महिन्यांत दोनाची एक. डुलकी काढली की त्या दिवसांत रात्रीची वेळ अर्धा-पाऊण तास अलीकडे घ्या. नाही तर बाळ अतिथकून जास्तच रडतं.

झोपण्याआधीचा अर्धा तास रोज तसाच. अंग पुसणं, सैल कपडे, मंद दिवा, दूध, एक अंगाई, अंथरूण. दूध पिता पिता झोपण्याची सवय असेल तर दूध पहिल्या क्रमांकावर आणा आणि अंगाई शेवटी.

शेवटी जोजवणं कमी करा. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण 50 ते 60 मिनिटांचं असतं आणि प्रत्येक आवर्तनानंतर ते अर्धवट जागं होतं. झोपताना पाळणा हलत होता आणि जाग आली तेव्हा तो थांबलेला आहे, हे कळलं की बाळ तो झोका परत मागतं. म्हणून:

- रात्र 1 ते 3: डोळे जड होईपर्यंत झोके, मग पाळणा थांबवून थोपटणं.
- रात्र 4 ते 7: झोके बंद, अंथरुणावर ठेवून थोपटणं.
- रात्र 8 ते 10: छातीवर नुसता हात.
- रात्र 11 ते 14: शेजारी बसणं, हात दूर.

एखाद्या रात्री बाळ फार रडलं तर एक पायरी मागे या, उचलून घ्या. मागे येण्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते एका रात्री झोके, दुसऱ्या रात्री दूध, तिसऱ्या रात्री मोबाइल, असं रोज नवं केल्याने. बाळाला मग पुढचा अंदाजच येत नाही.

इशारा: राग अनावर झाला तर बाळाला पाठीवर, सुरक्षित जागी ठेवा आणि पाच-दहा मिनिटं खोलीबाहेर जा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका, त्याने मेंदूला इजा होते.

टप्पा 7: आता ठरवा

पुन्हा तीन दिवसांची नोंद करा आणि आधीच्या वहीशी ताडून पाहा. जागं राहण्याची मिनिटं किंवा झोपवायला लागणारा वेळ निम्म्यावर आला असेल तर पैसे खर्चू नका, आहे तेच चालू ठेवा.

आमचं स्पष्ट मत असं: बाळ सहा महिन्यांपुढचं आहे, तब्येत ठीक आहे, चौदा रात्री प्रामाणिकपणे करून झाल्या, आणि तरीही आई-बाबांना रोज रात्री कोणीतरी "आज हे करा" असं सांगणारं माणूस हवं आहे, तर कन्सल्टंटला दिलेले पैसे सार्थकी लागू शकतात. जुळी मुलं असतील, किंवा घरात मदतीला दुसरं कोणीच नसेल, तरीही. तयार पीडीएफसाठी मात्र पैसे देऊ नका. त्यात जे असतं ते तुम्ही नुकतंच करून पाहिलंय.

संशोधनाचा आधार कशाला आहे हेही माहीत असू द्या. 2006 च्या एका आढाव्यात 52 अभ्यास तपासले गेले आणि वर्तनावर आधारलेल्या, म्हणजे झोपवण्याच्या सवयी बदलणाऱ्या, पद्धतींनी 80 टक्क्यांहून जास्त मुलांची झोप सुधारली. ऑस्ट्रेलियातल्या मुलांचा सहाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा करणाऱ्या 2012 च्या अभ्यासात अशा पद्धतींचा अपाय दिसला नाही, आणि कायमचा फायदाही दिसला नाही. ही पुष्टी पद्धतींना आहे. ती पद्धत नर्सने सांगितली की महागड्या पॅकेजने, हा वेगळा प्रश्न आहे.

टप्पा 8: फोनवरची परीक्षा

"स्लीप कन्सल्टंट" हे बिरुद लावायला भारतात सरकारी परवाना लागत नाही. भिंतीवरचं प्रमाणपत्र म्हणजे खाजगी अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा कागद. कोणी स्वतःला डॉक्टर म्हणवत असेल तर नोंदणी क्रमांक मागा आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत पाहा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा क्रमांक मागा. क्रमांक विचारल्यावर राग आला तर तेच उत्तर समजा.

पहिल्या फोनवर हे दोन प्रश्न मुद्दाम विचारा:

"मोहरीची उशी चालेल ना?" योग्य उत्तर: वर्षाच्या आत उशी नको.

"बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, रात्रीचं दूध बंद करायचंय." योग्य उत्तर: या वयात बंद करायचं नाही, डॉक्टरांशी बोला.

दोन्हींपैकी एकही चुकलं तर नम्रपणे फोन ठेवा. बरोबर आलं तर पुढे विचारा:

- पैशांआधी तुम्ही वजन, घोरणं, दूध यांची चौकशी करता का?
- आमच्या घरात आजी-आजोबा एकाच खोलीत झोपतात. त्यात बसणारी पद्धत आहे का? बाळाला वेगळ्या खोलीत ठेवण्याची सक्ती असेल तर ते पॅकेज आपल्या घरांसाठी नाही.
- रडू न देता करायचं असेल तर पर्याय काय, आणि त्याला किती जास्त दिवस लागतील?
- योजना मराठीत मिळेल का? ती आजींना वाचून दाखवता आली पाहिजे. इंग्रजी किंवा हिंदीतली योजना सूनबाईच्याच मोबाइलमध्ये राहते.
- रात्री नेट गेलं तर साधा फोन कराल का? खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात व्हिडिओ कॉलवर भिस्त ठेवू नका.

"तीन रात्रींत हमखास" किंवा "शंभर टक्के खात्री" असं म्हणणाऱ्याला टाळा. टप्पा 3 ची वही मागणारा माणूस मात्र कामाचा.

टप्पा 9: पैसे आणि कागद

पूर्ण रक्कम आधी देऊ नका. अर्धी सुरुवातीला, उरलेली दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, असं मागून पाहा. व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या: किती दिवस, किती फोन, फोनची वेळ, बाळ आजारी पडलं तर दिवस पुढे सरकतील का, मध्येच थांबलं तर किती परत. पावती मागा. बाळाचे व्हिडिओ आणि फोटो जाहिरातीत वापरणार नाही, हेही लिहून घ्या.

फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कन्सल्टंट पुण्यात किंवा बंगळूरात बसलेला असला तरी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं.

टप्पा 10: योजना चालू असताना

वही बंद करू नका. दर आठवड्याला वजन करा. वजन थांबलं, लंगोट ओले होणं कमी झालं, किंवा बाळ दिवसाही सुस्त वाटलं, तर कन्सल्टंट काहीही म्हणो, योजना थांबवून डॉक्टरांना दाखवा. दहा दिवसांत वहीत काहीच फरक दिसत नसेल तर त्याच पद्धतीला आणखी ताण देऊ नका, पद्धत बदलून मागा.

ताप, जुलाब, सर्दी आली की सगळे नियम बाजूला. उचलून घ्या, पाजा, जवळ ठेवा. बरं झाल्यावर दोन रात्री साध्या जाऊ द्या आणि तिसऱ्या रात्री थेट शेवटच्या पायरीवर न जाता, छातीवर हात ठेवण्याच्या पायरीपासून पुन्हा धरा. आजोळी आठ दिवस राहून आल्यावरही तसंच करा, फक्त सकाळची उठण्याची वेळ आजोळीसुद्धा मोडू देऊ नका.